शेजारच्या आकड्यांची साक्ष

३० मे २०२४ रोजी नागपुरात, रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावरील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं. बातमी देशभर गेली. मे २०१३ मधल्या ४७.९ अंशांच्या उच्चांकापेक्षा हा आकडा आठ अंशांनी जास्त होता. त्याच दिवशी खापरीच्या कापूस संशोधन संस्थेतलं आणि रामटेकचं केंद्र मात्र ४४ अंशांच्या आसपास होतं. हवामान विभागाने तपासणी करून सांगितलं, की सेन्सर बिघडला होता.

कालश्रेणीच्या, म्हणजे काळाच्या क्रमाने नोंदलेल्या आकड्यांच्या, अभ्यासाचा पायाच इथे दिसतो. आकड्याची पारख त्याच्या शेजाऱ्यांवरून होते. मे महिन्यात आजचं कमाल तापमान कालच्यापेक्षा फार दूर जात नाही. या नात्याला आम्ही स्वसहसंबंध म्हणतो. आकडे पत्त्यांसारखे पिसले तरी सरासरी तीच राहते, पण क्रम मोडला की हे नातं नाहीसं होतं.

हे नातं गणितात मांडण्याचा इतिहास आपल्या पावसाशी जोडलेला आहे. १८९९ च्या अवर्षणानंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाड दुष्काळात होरपळले. मान्सूनचा अंदाज ही निकड झाली. १९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर भारतीय वेधशाळांचे प्रमुख झाले. जगभरच्या नोंदी मान्सूनशी ताडून पाहताना त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या वायुदाबाचा परस्परविरोधी चढउतार सापडला. एल निनोची आजची चर्चा त्यावरच उभी आहे. १९२७ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी सौरडागांची संख्या मागच्या दोन वर्षांच्या संख्यांवरून मांडली. १९३१ मध्ये वॉकर यांनी ती पद्धत पुढे नेऊन डार्विन बंदराच्या वायुदाबाला लावली. यूल-वॉकर समीकरणं आजही आम्ही शिकवतो.

हवामानापेक्षा बाजारभावांची श्रेणी अधिक अवघड. नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबरपासून येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोव्हेंबरच्या भावाची तुलना फेब्रुवारीशी केली तर बहारातला फरक महागाई म्हणून मोजला जाईल. म्हणून आधी हंगाम वेगळा काढायचा, मग दीर्घकालीन कल, आणि उरलेल्या चढउतारात मागच्या आठवड्यांचा ठसा शोधायचा. पाऊस लांबला की मृग बहारही सरकतो. हंगाम दरवर्षी त्याच तारखेला येईल असं गृहीत धरता येत नाही.

दोन श्रेणी सोबत चढल्या किंवा उतरल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि तिथला मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ येतो, हे यूल यांनी १९२६ मध्येच दाखवलं. दोन्ही वर्षानुवर्षं घटत होते, एवढंच. अशा वेळी मूळ आकड्यांऐवजी त्यांच्यातल्या वर्षागणिक बदलांची तुलना करावी.

विदर्भात नोंदींच्या अचूकतेचा प्रश्न थेट पैशाचा आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात संत्रा बागायतदाराची भरपाई त्याच्या बागेतल्या नुकसानीच्या पंचनाम्यावर नव्हे, हवामान केंद्रात नोंदलेल्या पाऊस-तापमानावर ठरते. सेन्सर चुकला किंवा नोंदीत खंड पडला, तर झळ बागायतदाराला बसते. गहाळ आकडा आम्ही गणिताने भरू शकतो, पण तो अंदाजच असतो. म्हणून केंद्र हलवलं, उपकरण बदललं की तारखेसह लिहावं, जवळच्या केंद्रांशी रोज पडताळणी व्हावी आणि ही नोंद शेतकऱ्याला पाहता यावी. चांगल्या नोंदीवर साधी पद्धतही खरं बोलते. वाईट नोंदीला कोणतंही प्रगत गणित वाचवू शकत नाही.