चपट्या तारांचा सूर

नोकरीनिमित्त बालाघाटला आलो तेव्हा सोबत गिटार आणली. इथे भरवेलीला मँगनीजची खाण, मलाजखंडला तांब्याची. खाणींची सवय असलेल्या गोंयकाराला मुलूख फारसा परका वाटत नाही. पण रात्री एवढे शांत असते, की जाड तारांवरून बोटे सरकल्याची करकरही सुरांइतकीच ऐकू येते.

नेहमीच्या जाड तारेवर गोल तार गुंडाळलेली असते. जॅझवाल्यांच्या आवडत्या फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी असते. तार गुळगुळीत, करकर जवळजवळ नाहीच. वेस माँटगोमेरी अंगठ्याने वाजवायचे, तो गोल, मऊ सूर अशाच तारांवरचा.

मी दोन संच लावून पाहिले. डॅडारिओचे क्रोम्स स्टेनलेस स्टीलचे. ताण जास्त, आवाज स्वच्छ. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्डचे जॅझ स्विंग निकेलचे. बोटांना नरम, सुराला ऊब, खिशाला जड.

तंबोऱ्याची जवारी आपण काढतो ती झंकार उमलावा म्हणून. फ्लॅटवाउंड नेमके उलटे करते. झंकार आवरते, स्वराचा गाभा ठेवते. त्यामुळे कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा कळतो. मात्र तार ओढून मींड घ्यायला जावे, तर गुंडाळलेली तिसरी तार हट्टाला पेटते.

मला नेमके हेच बोचते. गोमंतकीय वंशाचे गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा यांनी जो हॅरियटसोबतच्या १९६९च्या 'हम दोनो'मध्ये जॅझ आणि हिंदुस्थानी संगीत शेजारी बसवले. तो वारसा कानात असताना मींड कशी सोडावी?

सध्या निकेलच्या तारा ठेवल्या आहेत. मींड ओढण्याऐवजी पडद्यावरून बोट सरकवून घेतो. तारेची करकर नसल्याने तीही गोड लागते.