आज्जीची कॅप्सूल

आपण इंजिनिअरिंगची पोरं मॅन्युअल कधी वाचत नाही. लॅबमध्ये आधी बटण दाबायचं आणि मग 'सर, हे चालत नाहीये' म्हणून ओरडायचं. ही सवय किती महागात पडते ते मला सेकंड इयरच्या दिवाळीत कळलं.

पाटणजवळच्या गावी माझी आज्जी असते. जन्मात विडीला हात लावला नाही, पण पन्नासएक वर्षं चुलीपुढे काढली. पावसाळ्यात ओली लाकडं, फुंकणी आणि डोळे उघडवत नाहीत असा धूर. तिला धाप लागायची तेव्हा घरात सगळे म्हणायचे, दमा आहे, वयाचा आहे. शेवटी डॉक्टरांनी नळीत जोरात फुंकायला लावून स्पायरोमेट्री केली आणि सीओपीडी असं नाव सांगितलं. कॅप्सूल आणि एक प्लॅस्टिकचं यंत्र मीच दुकानातून आणलं. एसटी गाठायची घाई होती. 'सकाळ-संध्याकाळ एकेक' एवढं आज्जीला सांगितलं आणि सुटलो हॉस्टेलकडे.

दिवाळीच्या आधी एका रात्री तिचा दम कोंडला. जीप करून नेलं, चार दिवस ऑक्सिजनवर होती. मला घरच्यांनी नंतर कळवलं, म्हणे तुझं सबमिशन होतं.

सुट्टीत घरी गेलो. संध्याकाळी आज्जीने कॅप्सूल काढली, जिभेवर ठेवली आणि तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळून टाकली! यंत्र देवळीत, वेष्टनसुद्धा न फाडलेलं.

"आज्जी, ती गिळायची नसते गं. यंत्रात घालून ओढायची असते."

"मग तवाच सांगायचं न्हाईस व्हय? मला वाटलं त्ये तुझ्या कालिजचं काय तरी हाय. जपून ठिवलंय."

मला बोलता येईना. म्हणजे इतके दिवस औषध पोटात जात होतं आणि फुप्फुसापर्यंत पोचतच नव्हतं. हॉस्पिटलात चौघांनी तिला विचारलं होतं, 'औषध घेता ना?' ती म्हणाली, 'घेते की, एक दिस चुकवलं न्हाई.' खरंच होतं ते. 'कसं घेता, दाखवा बघू' असं मात्र कुणी म्हणालं नाही. मी तरी कुठे म्हणालो होतो?

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये प्वासयचं सूत्र मी पाठ करून मार्क मिळवले होते : नळीची त्रिज्या निम्मी झाली की रोध सोळापट. श्वासनळ्या काही सरळ पाइप नव्हेत, पण आज्जी दोन पायऱ्या चढून का बसते ते त्या सूत्रावरून मला कधीच सुचलं नव्हतं.

औषधाचा कागद इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. रात्री बसून वाचला. यंत्रात कॅप्सूल घालून फिरवायची, यंत्र बाजूला धरून श्वास पूर्ण सोडायचा, मग ओठ घट्ट आवळून जोरात, खोल ओढायचं. दहा आकडे दम धरायचा. शेवटी चूळ, नाहीतर तोंडात बुरशी धरते. आज्जीला दहा आकडे जमेनात, पाचावर खोकला. तिसऱ्या दिवशी जमले. (आत्या तेवढ्यात म्हणालीच, 'पंपाची सवय लागते हो.' तिच्याशी भांडण अजून चालू आहे.)

पुढे वाचनात आलं की 2008 साली अमेरिकेच्या एफडीएलाही जाहीर सूचना काढावी लागली होती, की अशा ओढायच्या कॅप्सूल लोक गिळताहेत. इंग्रजी वाचता येणारी माणसंसुद्धा! आज्जीला हे सांगितलं तर ती खूप हसली. हसताना धाप लागलीच.

खराब झालेलं फुप्फुस पूर्ववत होत नाही, हे तिला मी सांगितलंय. ती म्हणाली, 'ठावं हाय.' वडिलांनी चूल अंगणात नेली, भाकरी आता गॅसवर. त्या भाकरीला चव नाही, हे ती रोज ऐकवते.

गेल्या खेपेला गेलो तर ओसरीवर शेजारच्या काकू बसलेल्या, हातात नवं यंत्र. आज्जी त्यांना कॅप्सूलचं रिकामं टरफल उजेडात धरून दाखवत होती, "आत पूड दिसली का? मग ऱ्हायलंय. आनी एकदा वढ."