द्वारकेचा उतारू

अ‍ॅटनबरोंचा ‘गांधी’ टीव्हीवर लागला की गांधीजी मुंबईत उतरतात तेवढा प्रसंग मी चुकवत नाही. प्रसंग 1915 सालचा, पण बोट आमची ‘द्वारका’. 1947 मध्ये इंग्लंडात बांधलेली, ब्रिटिश इंडिया कंपनीची. मुंबई, कराची, मस्कत आणि पुढे आखातातली बंदरं, असं तिचं आयुष्य गेलं. 1982च्या मे महिन्यात शेवटची फेरी झाली आणि कराचीपलीकडे गडानीच्या किनाऱ्यावर तिला मोडीत काढलं. चित्रपट आला तो त्याच वर्षाच्या अखेरीस. बाजूच्या खुर्चीवरच्या मित्राला म्हटलं, “ही आमची बोट!” त्याने गप्प बस म्हणून खूण केली.

तिच्याविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक वरच्या वर्गातून पाहिलेलं. आम्ही डेकचे. शेकडो माणसं सतरंज्या अंथरून, ट्रंक उशाशी, सुतळीने आखलेल्या जागेत. कराची सुटली की निम्म्यांना बोट लागायची. जुनी माणसं रात्री ‘दारा’ची गोष्ट काढत. ती द्वारकेचीच बहीण. 8 एप्रिल 1961ला दुबईसमोर तिच्यावर स्फोट झाला, 238 माणसं गेली. स्फोटकं कुणीतरी मुद्दाम ठेवली असावीत असं चौकशीत निघालं. कुणी, ते कळलंच नाही. ते ऐकल्यावर मी माझी वळकटी जिन्याजवळ हलवली.

पण खरे हाल समुद्रावर झाले नाहीत. परतताना मुंबईच्या धक्क्यावर झाले. पहिल्या वर्गाच्या बॅगांवर खडूची फुली पडली आणि ती माणसं टॅक्सीत बसून गेलीसुद्धा. आमच्या ट्रंका रांगेत उघड्या, कपडे जमिनीवर. कस्टमच्या साहेबाने टू-इन-वनची पावती मागितली, मी दिली. ती उलटसुलट करून पाहिली, बाजूला ठेवली आणि पुन्हा म्हणाला, “पावती?” मी बोट दाखवलं. “मला शिकवतोस?” मग आईसाठी आणलेली अत्तराची कुपी त्याने उघडली, हुंगली, बूच लावलं आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकली. नोंद नाही, ड्यूटी नाही. मी काही बोललो असतो तर टू-इन-वनही गेला असता. अंधार पडेपर्यंत बसवून ठेवलं. बोटीवरचा एक गोंयकार स्टुअर्ड जाता जाता थांबला, चहा आणून दिला आणि कोंकणीत म्हणाला, बस, उठू नकोस, उठलास की नंबर जाईल. परक्या मालकाच्या बोटीवर मला कुणी चोर म्हटलं नव्हतं. ते ऐकायला स्वतःच्या गावी उतरावं लागलं. कुपीची किंमत फार नव्हती. तरी तो खण बंद झाल्याचा आवाज मला अजून सहन होत नाही.

एरवी मी सांगत आलो की ती बोट म्हणजे कोंडवाडा होता, बरं झालं गेली. ते खोटं नव्हतं. तरी पडद्यावर तिची चिमणी दिसली की घसा दाटून येतो आणि मुलगा विचारतो, “बाबा, तुम्हीच ना तिला शिव्या घालायचात?” घालायचो. दापोली-खेडकडच्या कितीतरी घरांचा चिरा या बोटींच्या पैशावर उभा आहे. ज्यांनी तसा प्रवास केला ती माणसं आता सत्तरी ओलांडून गेली. त्यांच्याजवळ बसून कुणीतरी लिहून घ्यावं: डेकवर काय शिजवलं, कोण आजारी पडलं, धक्क्यावर कुणाचं काय गेलं. आणि जुने पासपोर्ट रद्दीत घालू नयेत. मुंबईला उतरल्याचा शिक्का त्यांच्यावर तारखेसकट आहे.