मिरीची साक्ष

गेल्या माघात नाशिकजवळ एका वकीलमित्राच्या द्राक्षबागेत जाण्याचा योग आला. तोडणी चालली होती. तारांवर चढविलेल्या वेलींना काळपट जांभळ्या मण्यांचे घड लगडले होते. "हा शिराझ," मित्र म्हणाला. आणि हाफिजाच्या इराणातील नगरीचे नाव ऐकून मला त्या वेलीविषयी उगाच आदर वाटला.

मी मद्य घेत नाही. तरी मित्राने पेला माझ्या नाकाशी धरला. "वकीलसाहेब, पिऊ नका, वास तरी घ्या. मिरी ओळखू येते का पाहा." (वास म्हणजे अर्धे भोजन, असे मानणाऱ्यांनी मला निम्माच दोष द्यावा.) मला पिकल्या जांभळाचा वास आला, काहीसा धुराचाही आला, मिरीचा मात्र नाही. इतरांना तो तत्काळ आला. ज्याच्या घरच्या कुळागरात पोफळीपोफळीवर मिरीची वेल चढलेली, त्यालाच मिरी कळू नये, याचे सर्वांना हसू आले.

घरी परतल्यावर मी प्रथम त्या द्राक्षाच्या कुळाची चौकशी केली. आमच्या व्यवसायात ही खोड जडते. फ्रान्समध्ये याला सिराह म्हणतात. गडद रंगाची, तुरट, भारदस्त वाइन देणाऱ्या या द्राक्षाचे जुने ठाणे म्हणजे ऱ्होन नदीकाठची एर्मिताज नावाची टेकडी. दंतकथा अशी की तेराव्या शतकात गास्पार द स्तेरिंबेर नावाचा सरदार धर्मयुद्धाला कंटाळून त्या टेकडीवर कुटी बांधून राहिला आणि त्याने शिराझहून आणलेली वेल तेथे लावली. गंमत अशी की याच कथेच्या दुसऱ्या पाठात ते धर्मयुद्ध दक्षिण फ्रान्समध्येच झालेले आहे! इराण मग वाटेत लागला कोठे? असा साक्षीदार उलटतपासणीत पाच मिनिटेही टिकला नसता.

अखेर 1998 साली साक्ष वेलीचीच झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कॅरोल मेरेडिथ आणि माँपेलिये येथील त्यांचे सहकारी यांनी डीएनए तपासून आईबाप निश्चित केले. पिता द्युरेझा, आर्देश भागातील काळे द्राक्ष. माता मोंदोज ब्लांश, आल्प्सच्या पायथ्याच्या साव्हॉयमधील पांढरे. दोघेही त्याच मुलुखाच्या आसपासचे, आणि दोघांनाही बाहेर फारसे कोणी ओळखत नाही. शिराझशी संबंध नावापुरता. 1832 साली जेम्स बस्बी याने युरोपातून जमविलेल्या वेली ऑस्ट्रेलियात पोचल्या. त्यांत हीही होती, आणि पुढे त्या देशात शिराझ हेच नाव रूढ झाले. आपल्याकडेही कुळाकुळाची दुरून आल्याची एक कथा असते. गोव्यातील कित्येक देवळांचे स्थलांतर तर कागदोपत्री सिद्ध आहे, म्हणून सगळ्याच कथांना मी हसणार नाही. परंतु सरदाराची कथा मात्र निकालात निघाली.

मिरीचा निकाल 2008 साली लागला. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना शिराझमध्ये रोटुंडोन नावाचे द्रव्य सापडले. काळ्या मिरीतही तेच असते, पुष्कळ अधिक प्रमाणात. एका ग्रॅमचे अब्ज भाग केले, तर त्यांतील सोळा भाग लिटरभर तांबड्या वाइनमध्ये वासाला पुरतात. मात्र वास घेणाऱ्यांपैकी सुमारे पाचांत एकाला ते द्रव्य कितीही वाढविले तरी जाणवले नाही.

हे वाक्य वाचले आणि पुस्तक मिटून बसलो.

मिरी वाळवण्याच्या दिवसांत बाबा अंगणातली मूठभर मिरी तळहातावर चोळीत, नाकाशी नेत, आणि मग तो हात माझ्याकडे करीत. "आला?" मला तिखट झणका जाणवे, त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटे, ते मला कधीच कळले नाही. एकदोनदा "नाही" म्हणालो, तेव्हा "लक्ष कुठे असते तुझे?" असे ऐकावे लागले. पुढे मी "आला" म्हणू लागलो. पुराव्याचा कायदा मी पुढे शिकलो. खोटी साक्ष आठव्या वर्षापासून देत होतो.

या फाल्गुनात बाबांनी पुन्हा हात पुढे केला.

"नाही येत, बाबा. कधीच येत नव्हता."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "मग इतकी वर्षे?" मी त्या द्राक्षाची हकिकत सांगू लागलो. ती अर्धीच ऐकून त्यांनी तळहात माझ्या मुलीच्या नाकाशी नेला. तिला शिंक आली.