पंधरा मात्रांची ओळ

भातखंड्यांची स्वरलिपी हाताला जितकी सोपी, तितकीच टंकलेखनाला अवघड. मंद्रातल्या स्वराखाली टिंब, तारसप्तकातल्या स्वरावर टिंब. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. आणि एका मात्रेत दोन-तीन स्वर आले की त्यांच्या पोटाखाली चंद्रकोर. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. घराण्याघराण्यांतून जमवलेल्या शेकडो बंदिशी त्यांनी एवढ्याशा खुणांवर क्रमिक पुस्तकमालिकेत बसवल्या. पण साध्या टंकलेल्या ओळीत अक्षराच्या वर-खाली जागा कुठली? जे काय लिहायचे ते अक्षराच्या अगोदर किंवा नंतर.

आमच्या अण्णांची बंदिशींची वही संगणकावर उतरवायची होती. शाई विटत चालली आहे, आणि ती वही गाऊन दाखवू शकेल असे घरात एकच माणूस उरले आहे, ते म्हणजे ताई. तिने नुकतीच ऐंशी ओलांडली.

म्हणून मी एक चिमुकली लिपी बेतली. कोमल स्वरानंतर खालची रेघ, तीव्र मध्यमानंतर अधिकचिन्ह, लांबलेल्या स्वराला आडवी रेघ, विभागाला दंड. दोन मात्रांमध्ये मोकळी जागा. एका मात्रेतले स्वर जोडून. मंद्राचे टिंब स्वराच्या अगोदर ठेवले. तारसप्तकाचेही टिंबच स्वरानंतर ठेवावे, तर 'सा.रे' यातले टिंब षड्जाचे की ऋषभाचे? गाणारा चालीवरून ओळखील. यंत्राला चाल ठाऊक नसते. तेव्हा तारसप्तकाला स्वल्पविराम दिला.

अशी लिपी वाचणाऱ्या प्रोग्रॅमला पार्सर म्हणतात. नाव भारदस्त, काम बालवाडीतले! ओळ दंडापाशी तोडायची, विभाग मोकळ्या जागेपाशी, आणि मग मात्रेतले स्वर सुटे करायचे. खरी मेख इथे आहे. 'नि' आपल्याला एक अक्षर वाटते. यंत्राच्या लेखी ती दोन चिन्हे. शिवाय आपल्या डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, त्याच्या हिशेबात न आधी आणि वेलांटी मागाहून! म्हणून पार्सरला सांगावे लागते: अक्षर घे, त्याला चिकटलेला काना, मात्रा, वेलांटी घे, मग आपल्या खुणा घे, पुढचे अक्षर किंवा टिंब दिसले की थांब, तो दुसरा स्वर. साठ-सत्तर ओळींत सारे आटोपले. शेवटी मोजणी: त्रितालाच्या ओळीत चार विभाग, प्रत्येकी चार मात्रा. सोळा भरल्या नाहीत तर ओळ परत.

यमनाच्या एका अंतऱ्याची दुसरी ओळ अशीच परत आली. तिसऱ्या विभागात तीनच मात्रा. वही काढून पाहिली, तर तिथेही तीनच! एक आडवी रेघ घातली की हिशेब जुळत होता. पण अण्णांच्या ओळीत आपली रेघ कशी घालावी? वही घेऊन ताईकडे गेलो.

तिने हातावर ठेका धरला आणि ओळ म्हटली. खालीच्या मात्रेवर, नवव्या मात्रेवर, आवाज एकदम थांबला. दहावीवर पुन्हा उचलला.

"अरे, अण्णा इथं थांबायचे."

"म्हणजे आधीचा स्वर लांबवायचे?"

"लांबवायचे नाहीत रे, थांबायचे! स्वर तोडायचे. तू रेघ घातलीस तर पुढचा माणूस निषाद ओढत बसेल."

स्वतःसाठी वही लिहिणारा माणूस आपल्याला ठाऊक असलेले मौन कशाला लिहील? मला मात्र ते लिहिणे भाग होते. भातखंड्यांचे शून्य खालीची खूण, फुली समेची. म्हणून मौनाला तिरकी रेघ दिली. पार्सरमध्ये एक ओळ वाढली. ताईने तीच ओळ आणखी दोनदा म्हटली. दोन्ही वेळा ती नवव्या मात्रेवरच थांबली. मग मी रेघ तिथे ठेवली, आणि सोळा मात्रा भरल्या.

पार्सरने परत केलेल्या आणखी अकरा ओळी आहेत. ताईने रविवारी बोलावले आहे. तंबोऱ्याची तार बदलून आण म्हणाली.