पाण्याच्या मागोमाग

हरिश्चंद्रगडावर पक्षी पाहायला लोक थंडीत येतात. आभाळ मोकळं असतं, दुर्बिणीवर बाष्प धरत नाही, उत्तरेचे पाहुणेही उतरलेले असतात. हिमालयाकडून आलेला करडा धोबी ओढ्यातल्या दगडावर शेपटी नाचवतो, थिरथिरा देवळाच्या दगडी बांधापाशी घुटमळतो. हे पाहावंच. पण माझ्या लेखी या डोंगराचं पाखरांचं वर्ष सुरू होतं ते आषाढात, पाचनईची खाचरं आवणीला भरून येतात तेव्हा.

तेव्हा उजाडायच्या आधी, धबधब्याच्या आवाजावरून, शीळकरी कस्तुराची शीळ येते. सूर धरतो, खेळवतो आणि मध्येच सोडून देतो. ऐकणारा पुढच्या सुराची वाट पाहत उभा राहतो. लांबून हा पक्षी नुसता काळा दिसतो. एकदा अगदी जवळ, ओल्या कातळावर तो खेकडा आपटताना दिसला. आपटायचा, थांबायचा, मान वाकडी करून बघायचा, पुन्हा आपटायचा. ढगातून जरा उजेड आला आणि खांद्यावरची निळाई झळकली. घरटं तो पाण्यालगतच्या कपारीत, मुळ्या, शेवाळ आणि चिखल लिंपून करतो. पिलांना लागणारे खेकडे, गोगलगायी, बेडूक, सगळं देणारा हाच काळ.

गवताळ उतारांवर याच दिवसांत युवराज गातो, काळा, तुरेवाला, विटकरी पंखांचा.

कोकणकड्यावर मात्र आभाळच पक्ष्यांचं. खालून वर येणाऱ्या वाऱ्यावर पाकोळ्या सुटलेल्या असतात. 1832 साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापणाऱ्या कर्नल साइक्सने या गडावर इंद्रवज्रही पाहिलं होतं. ते गोल इंद्रधनुष्य पाहायला आज गर्दी होते. साइक्सचं नाव लागलेला चंडोल नगरच्या माळावर अजून आहे, त्याची वास्तपुस्त मात्र फार थोडे करतात. याची मला खंत वाटते.

दिवाळीच्या सुमारास भात कापून होतं. माथ्यावरचे ओहोळ बारीक होत जातात. डोंगरातली कितीतरी माणसं मजुरीसाठी नारायणगाव-आळेफाट्याकडे निघतात, आणि कस्तूरही माथा सोडून पाण्याच्या मागोमाग खाली सरकतो. हजारो मैलांच्या प्रवासाचं आपल्याला अप्रूप, या उतरणीची दखल कुणी घेत नाही. शीळ बंद झालेली असते, म्हणून तो गेला असं वाटतं. तो खालच्या झाडीत, डोह टिकून असलेल्या ओढ्याला धरून असतो.

1986 पासून हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. इथे येणाऱ्यांच्या वह्यांत पक्ष्याचं नाव आणि तारीख असते. शेजारी ओढ्याला पाणी किती होतं, हेही लिहावं. आणि ते गावातल्या माणसाला विचारूनच लिहावं, कारण कोणता ओढा कोणत्या महिन्यात आटतो हे त्याला तोंडपाठ असतं.