न सांगितलेले दुखणे

पतीच्या टपालखात्यातील बदलीमुळे बंगाल्यात आलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. तत्पूर्वी श्रीरामपूर कॉलेजात त्यांनी सांगितले होते की, पुरुष डॉक्टराकडून उपचार करून घेण्यास स्त्रिया स्वभावतःच संकोचतात. आम्हां बदलीवाल्यांच्या घरांतून तो संकोच अद्याप हटलेला नाही. लघवीची घाई आवरेनाशी झाली की, आमच्या गृहिणी पूजेचे मंडप टाळतात, हावड्याहून मुंबईचा प्रवास नको म्हणतात. वस्तुतः घोट्याच्या आतील बाजूच्या मज्जातंतूस कातडीवरून सौम्य विद्युत्‌स्पंदने दिल्यास पुष्कळींना गुण येतो. कारण कण्याच्या ज्या मुळांशी तो तंतू जोडलेला असतो, त्यांतील काही मुळेच मूत्राशयाचेही नियमन करतात. डॉक्टरांनी तपासून शिकविल्यावर हे लहानसे यंत्र घरीच वापरता येते. धीर मात्र काही आठवडे धरावा लागतो. पण दुखणे बोलून दाखविल्यावाचून यंत्र घरात येणार कसे?